रानवाटेवरची सुरी : निवड आणि निगा

पावसाळा ओसरला, की आपल्या महाविद्यालयातील मुलामुलींचे गट पारगड, महिपाळगड, जांबोटी, चोर्ला अशा ठिकाणी पदभ्रमणासाठी निघतात. निघण्यापूर्वी सामानाची यादी होते. तांदूळ किती, दोर किती, विजेऱ्या किती यावर तासभर चर्चा होते आणि यादीच्या तळाशी कोणीतरी लिहितो, 'चाकू - १'. हा चाकू कसला असावा, कोणी आणावा, कशासाठी आणावा, याचा विचार सहसा होत नाही. मग कोणी घरातील भाजी चिरण्याची पातळ सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून आणतो, तर कोणी चित्रपटात शोभेल असा वीतभर सुरा कमरेला लटकवून येतो. पहिली दुसऱ्या दिवशी वाकते. दुसऱ्याने कांदासुद्धा नीट चिरता येत नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि बरीच वर्षे अशा गटांबरोबर हिंडत आलो आहे. सुरी हे अवजार दिसायला साधे असले, तरी त्याच्या पोटात यंत्रशास्त्र, धातुशास्त्र, भूमिती आणि थोडा कायदाही दडलेला आहे. प्रस्तुत लेखात हा विषय क्रमाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लेख वाचून निदान दोन-चार जणांची बोटे वाचली, तरी माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

१. सुरी, चाकू आणि कोयता

प्रथम शब्दांचा उलगडा करू. ज्याचे पाते मिटून मुठीत जाते, तो घडीचा चाकू. ज्याचे पाते मुठीत कायमचे बसवलेले असते आणि जी म्यानात ठेवावी लागते, ती सुरी. बोलीभाषेत आपण दोन्हींना चाकूच म्हणतो, पण या लेखापुरता हा भेद पाळू. 'सुरी' हा शब्द संस्कृत 'क्षुरिका'वरून आला. कन्नड विभागातील मित्र जिला 'चूरी' म्हणतात, ती आपल्या सुरीची सख्खी बहीणच. 'चाकू' मात्र फारसीतून आलेला पाहुणा. कोयता, ज्याला कन्नडमध्ये 'मच्चु' किंवा 'कत्ति' म्हणतात, तो या दोघांहून निराळा. तो घाव घालण्यासाठी असतो. त्याचे काम पात्याच्या वजनाने व वेगाने होते. सुरीचे काम हाताच्या दाबाने आणि ओढीने होते. हा फरक ज्याला समजला, त्याची निम्मी निवड झाली.

घडीचा चाकू वाईट असतो असे नाही. खिशात मावतो, फळ कापतो, दोरा तोडतो. स्विस सैन्यासाठी १८९१ पासून कार्ल एल्सनरने बनवलेला घडीचा चाकू जगभर गेला, तो काही उगीच नव्हे. परंतु घडीच्या चाकूत एक सांधा असतो आणि सारा जोर त्या एका खिळीवर येतो. सांध्यात चिखल, वाळू, भाताचे कण शिरतात. आणि पाते अडकवून धरणारी कळ नसेल, तर उलटा जोर पडताच ते मिटते. काही वर्षांपूर्वी तिलारीच्या बाजूला एका मुक्कामात एका विद्यार्थ्याने घडीच्या चाकूच्या टोकाने बांबूला भोक पाडायला घेतले. पाते मिटले आणि तर्जनीच्या पेरावर बसले. रात्रीच्या वेळी घाटातून तालुक्याच्या गावी नेऊन टाके घालीपर्यंत तीन तास गेले. बोट वाचले, पण ते अजून पुरते वाकत नाही. टोकाने जोर लावण्याचे काम असेल, तेथे सुरीच हवी.

२. काम कोणते, हे आधी ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर कामांची यादी करा. आपल्याकडच्या दोन-तीन मुक्कामांच्या सहलीत सुरीला पुढील कामे पडतात: दोर व सुतळी कापणे, भाजी, फळे, कधी नारळाचे खोबरे, तंबूच्या खुंट्या तासणे, चुलीसाठी काटक्यांच्या ढलप्या काढणे, आणि अडचणीच्या वेळी पट्टी किंवा कपडा फाडणे. यांत झाड तोडणे नाही, खड्डा खणणे नाही, डबा उचकटणे नाही, सुरी झाडावर फेकून मारणे तर नाहीच नाही. पहिल्यासाठी कोयता व कुऱ्हाड आहेत, दुसऱ्यासाठी खुरपे, तिसऱ्यासाठी डबा फोडण्याची चावी. चौथ्याला अवजार लागत नाही, अक्कल लागते.

चुलीचे काम जरा तपशिलाने सांगतो, कारण सुरीची खरी परीक्षा तेथे होते. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. ऑक्टोबरातही जमिनीवरचे लाकूड वरून ओलेच असते. पण झाडावरच वाळलेल्या मनगटाएवढ्या फांदीचा गाभा बहुधा कोरडा असतो. अशी पडलेली फांदी वीतभर लांबीची तोडून उभी धरावी, सुरीची धार तिच्या माथ्यावर ठेवावी आणि पाठीवर दुसऱ्या लाकडाने हलके ठोके द्यावेत. लाकूड उभे चिरते. आतील कोरड्या भागाच्या पातळ ढलप्या काढल्या, की रॉकेलशिवाय चूल पेटते. हे काम पाच-सहा मिनिटांचे आहे, पण भाजी चिरण्याची सुरी त्यात टिकत नाही आणि बोथट सुरीने ढलप्या निघत नाहीत.

३. लांबी, रुंदी, जाडी

वरील कामांसाठी पात्याची लांबी ९ ते १२ सेंटिमीटर पुरते. तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त, असे ढोबळ माप लक्षात ठेवावे. लांब पात्याने मोठे लाकूड फोडता येते हे खरे, पण टोक हातापासून जितके दूर, तितका त्याच्यावरचा ताबा कमी. बारीक कामात टोक थरथरते. तासताना धार मुठीच्या जवळच्या भागानेच चालते, कारण तेथे हाताचा जोर थेट लागतो. पुढचे लांब पाते केवळ ओझे होते.

जाडीचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. पाते वाकण्यास जो विरोध करते, तो त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २ मिलिमीटर जाडीच्या पात्याऐवजी तेवढ्याच लांबी-रुंदीचे ४ मिलिमीटर जाडीचे पाते घेतले, तर ते दुप्पट नव्हे, आठपट ताठ होते. यामुळे पुष्कळांना वाटते, जितके जाड तितके चांगले. परंतु पाते म्हणजे पाचर आहे हे विसरू नये. पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळते होत गेलेले २५ मिलिमीटर रुंदीचे पाते घेऊ. पाठ अडीच मिलिमीटर असेल, तर पाचरीचा कोन सहा अंशांच्या आत राहतो. पाठ ५ मिलिमीटर केली, तर तो अकरा अंशांच्या वर जातो. अशी जाड पाचर लाकूड चांगले फोडते, पण बटाटा कापताना त्याचे दोन तुकडे होण्याऐवजी तो तडकतो. म्हणून मधला मार्ग उत्तम: पाठीशी ३ ते साडेतीन मिलिमीटर. केवळ स्वयंपाक व दोर एवढेच काम असेल, तर २ ते अडीच पुरे. ५ मिलिमीटरांची सुरी पदभ्रमणासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत काही नवे नाही. अमेरिकेत जंगलातील मुक्कामावर 'नेसमक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्सने १८८४ सालच्या पुस्तकात, आणि पुढे होरेस केफार्टने १९०६ सालच्या आपल्या ग्रंथात, दुकानांतून मिळणाऱ्या जाड व बोजड सुऱ्यांबद्दल तक्रार केली आहे. दोघांनाही रानातील मुक्कामाचा दांडगा अनुभव, आणि दोघांचीही पसंती पातळ, बेताच्या लांबीच्या सुरीला. स्वीडनमधील मोरा या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुऱ्याही अशाच: साध्या, पातळ, सुमारे १० सेंटिमीटर पात्याच्या. सुतार, कोळी आणि रानात फिरणारे त्या पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत.

४. पात्याचा घाट आणि धारेचा कोन

पात्याची पाठ टोकाकडे किंचित उतरत आलेली आणि धार टोकाजवळ गोलाईने वर गेलेली असावी. असे टोक मध्यरेषेजवळ येते, मजबूत राहते आणि भोक पाडताना ताब्यात असते. पाठीला पुढे खोलगट चाट दिलेले, सुईसारखे टोक दिसायला देखणे, पण मोडायला सोपे.

पाठीवर करवतीचे दाते असलेली सुरी घेऊ नये. १९८२ सालच्या 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटातील नायकाच्या हाती पोकळ मुठीची, दातेरी पाठीची सुरी होती; तेव्हापासून तिच्या स्वस्त नकला बाजारात सुकाळाने मिळतात. त्या दात्यांनी लाकूड नीट कापले जात नाही, कारण खऱ्या करवतीचे दाते आळीपाळीने दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात आणि त्यामुळे तिचे पाते चिरेत अडकत नाही. सुरीच्या पाठीवर हे साधत नाही. उलट, पाठीवर अंगठा ठेवून तासता येत नाही आणि ठोके द्यावे तर ठोकण्याचे लाकूडच फाटते. पाठ सपाट आणि तिच्या कडा काटकोनी असाव्यात. अशा पाठीने सालीचा भुसा खरवडता येतो आणि धार वाचते.

आता कोन. वस्तऱ्याच्या धारेचा कोन एका बाजूने आठ-दहा अंश असतो, कोयत्याचा तीसच्या आसपास. रानातील सुरीला दर बाजूने २० अंश योग्य. हा कोन मोजायला कोनमापक नको, त्रिकोणमिती पुरते. २० अंशांची ज्या ०.३४, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. पात्याची रुंदी २४ मिलिमीटर असेल, तर धार दगडाला टेकवून पाठ ८ मिलिमीटर उचला, कोन झाला. अकरावीत ज्या-कोज्या पाठ करताना "याचा उपयोग काय?" असे विचारणाऱ्यांसाठी हे एक उत्तर.

५. पोलाद आणि त्याचे पाणी

लोखंडात कार्बन मिसळला, की पोलाद होते. सुरीच्या पोलादात कार्बन साधारणपणे अर्धा ते एक टक्का असतो. त्यात क्रोमियम साडेदहा टक्क्यांहून अधिक घातले, तर पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो व गंज अडतो, हेच स्टेनलेस. शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली असे पोलाद ओतले आणि पुढे सुऱ्याकात्र्यांची दुनिया बदलली. पण स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे नव्हे. मीठ-पाण्यात दिवसच्या दिवस राहिले, तर त्यावरही ठिपके पडतात.

साधे कार्बन पोलाद घ्यावे की स्टेनलेस? साध्या पोलादाला धार पटकन लागते, ते चिवट असते, पण लिंबू, चिंच, कोकम लागताच काळे पडते आणि पावसात एका रात्रीत तांबेरते. रोज पुसून तेलाचा हात फिरवण्याची शिस्त असेल, तर ते घ्या. एरवी, विशेषतः गटाच्या सामाईक सामानासाठी, स्टेनलेस बरे. कारण जे सर्वांचे असते, ते पुसण्याचे काम कोणाचेच नसते.

मात्र पोलाद कोणते यापेक्षा त्याला पाणी कसे दिले आहे, हे अधिक महत्त्वाचे. 'पाणी देणे' हा आपला शब्द किती नेमका आहे पाहा. आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्या लोहाराजवळ मी तासन्‌तास उभा राहिलो आहे. मालमोटारीच्या कमानीची जुनी पट्टी तो कापून घेतो. तिच्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. ती भात्यावर लाल करून ऐरणीवर ठोकतो, घाट देतो, आणि शेवटी पुन्हा तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. बुडवण्याची वेळ तो रंगावरून ओळखतो. शास्त्र असे, की ७७० अंश सेल्सियसच्या सुमारास लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्याच्या थोडे वर, आठशेच्या आसपास, पोलादातील अणूंची रचना बदललेली असते व कार्बन तीत विरघळलेला असतो. एकदम गार केल्याने कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो जाळीत अडकून बसतो आणि पोलाद काचेसारखे कठीण होते. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात.

पण काचेसारखे कठीण म्हणजे काचेसारखे ठिसूळही. म्हणून लोहार पाते घासून चकचकीत करतो आणि पुन्हा हलके तापवतो. पृष्ठभागावर रंग धावू लागतात: २२० अंशांच्या आसपास फिका गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या सुमारास निळा. हे रंग ऑक्साइडच्या पातळ थरातून होणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणाचे, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच. सुरीसाठी पिवळ्यावर थांबावे. कमानीसाठी निळ्यापर्यंत जावे. ज्याने भौतिकशास्त्राचे एकही पुस्तक उघडलेले नाही, तो माणूस व्यतिकरणाचे रंग वाचून तापमान ओळखतो. प्रयोगशाळेतील आम्हा मंडळींनी त्याला नमस्कार करावा.

कारखान्यातील सुरीवर कधी कधी कठीणपणाचा आकडा दिलेला असतो. रॉकवेल-सी मापाने ५६ ते ६० चांगला. बावन्नच्या खाली धार लोळते, बासष्टच्या वर टवके उडण्याचा धोका वाढतो. आकडा नसेल, तर चांगली कानस मुठीजवळ धारेच्या कडेवर हलकेच ओढून पाहावी. लाकडात शिरावी तशी शिरली, तर पाते मऊ; घसरत घसरत जेमतेम खाल्ली, तर योग्य.

येथे एक गोष्ट आपण सीमाभागातील लोकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जगाच्या धातुशास्त्रात 'वूट्झ' नावाचे पोलाद विख्यात आहे. सुमारे दीड टक्का कार्बनचे हे पोलाद दक्षिण भारतात मुशीत बनत असे. निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे त्याचे एक प्रसिद्ध केंद्र, आणि इराणी व्यापारी ते तेथून नेत. जॉर्ज पिअर्सनने १७९५ मध्ये त्यावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. मायकेल फॅरडेने पात्यांचा कारागीर जेम्स स्टोडार्ट याच्याबरोबर त्याचे रहस्य शोधण्यासाठी केलेले मिश्रधातूंचे प्रयोग १८२० मध्ये प्रसिद्ध झाले. 'वूट्झ' हा शब्द कन्नडमधील 'उक्कु', म्हणजे पोलाद, यावरून आला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. विजेच्या नियमांसाठी आपण ज्याचे नाव पाठ करतो, त्या फॅरडेच्या तरुणपणीच्या प्रयोगांत एक शब्द आपल्या शेजारच्या बाकावरचा होता!

६. मूठ आणि म्यान

सुरी मोडते ती बहुधा पात्यात नव्हे, मुठीच्या तोंडाशी. म्हणून पाते मुठीत किती आत गेले आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सर्वांत भरवशाची सुरी ती, जिच्या पात्याची पट्टी मुठीच्या आकारानेच शेवटपर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या रिव्हेटांनी बसवलेल्या असतात. कडेने पाहिले, की मध्ये पोलाद व दोन्हीकडे लाकूड असे तीन थर दिसतात. दुसऱ्या प्रकारात पट्टी अरुंद होऊन मुठीत शिरते. ती मुठीच्या निदान तीन चतुर्थांशापर्यंत गेलेली असेल, तर हलक्या कामाला चालते. मुठीत काडेपेटी व गळ ठेवण्यासाठी पोकळी असलेल्या स्वस्त सुरीत मात्र पाते इंचभरच आत असते. ती खेळण्यात जमा करावी.

मूठ ११-१२ सेंटिमीटर लांब, आडव्या छेदात अंडाकृती, बोटांच्या खाचा नसलेली असावी. खाचा कोणाच्या तरी बोटांच्या मापाच्या असतात, आपल्या नसतात. बोटे पुढे धारेवर घसरू नयेत म्हणून मुठीच्या तोंडाशी छोटा उंचवटा हवा. शिसवी आणि सागवान ही लाकडे चांगली. कापडाचे थर राळेत दाबून केलेल्या मुठी पाण्यात फुगत नाहीत. दुकानात हात ओला करून मूठ धरून पाहा. घसरत असेल, तर सुरी परत ठेवा.

म्यानाकडे कोणी लक्ष देत नाही, पण सुरी आयुष्याचा बहुतेक काळ म्यानातच घालवते. सुरीसह म्यान उलटे करून दोन-तीन झटके द्यावेत. सुरी पडली, तर ती रानात हरवणार किंवा कोणाच्या तरी पायात शिरणार. चामड्याचे म्यान सुंदर दिसते, पण आपल्या पावसात ते दिवसेंदिवस ओले राहते आणि आत पाते गंजते. तळाशी पाणी गळण्यास भोक असलेले कठीण प्लास्टिकचे म्यान घाटात अधिक उपयोगी. घरी आल्यावर सुरी म्यानाबाहेर, खोबरेल तेलाचा हात फिरवून, कोरड्या कागदात ठेवावी. खोबरेलच का? कारण उद्या त्याच सुरीने काकडी चिरायची आहे.

७. धार आणि शिस्त

बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त घातकी असते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली वस्तू सुटली, की कोठे जाईल ते सांगता येत नाही. कुरुंदाचा निसणा कोणत्याही मोठ्या बाजारात मिळतो. पाणी लावून, वर सांगितलेल्या कोनात, मुठीपासून टोकापर्यंत एकाच ओघात ओढावे. एका बाजूने इतके घासावे, की दुसऱ्या बाजूला केसाएवढी कड बोटाला आडवी जाणवेल. मग बाजू बदलावी. शेवटी बारीक पोताच्या बाजूवर हलके हात, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-वीस ओढी. वर्तमानपत्राचा लोंबता कागद सुरीने सरळ कापला गेला, तर धार झाली.

वापरताना चार नियम मी गटातील प्रत्येकाकडून म्हणवून घेतो. पहिला : हात लांब करून भोवती फिरवावा, त्या वर्तुळात कोणी असेल, तर सुरी काढू नये. दुसरा : तासताना बसावे, कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत आणि काम गुडघ्यांच्या पुढे करावे, दोन मांड्यांच्या मध्ये कधीच नाही. मांडीच्या आतल्या अंगाने मोठी धमनी जाते. ती कापली गेली, तर डॉक्टर येईपर्यंत वेळ उरत नाही. तिसरा : सुरी दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे, धार वर, आणि त्याने "घेतली" म्हणेपर्यंत सोडू नये. चौथा : काम संपताच म्यानात, जमिनीवर, दगडावर, पानांखाली ठेवू नये. तरीही जखम झालीच, तर स्वच्छ कपड्याने जखमेवर घट्ट दाब धरावा, तो भाग वर उचलावा, आणि पुनःपुन्हा उघडून पाहू नये.

८. कायदा

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे. त्यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठीची अवजारे त्यातून वगळली आहेत. आपण शिफारस केलेली १०-१२ सेंटिमीटरांची सुरी या मापाच्या अर्ध्याच्या आसपास आहे. पण म्हणून ती कमरेला लावून बाजारातून मिरवावी असे नाही. शहरात जमावबंदीचा किंवा शस्त्रबंदीचा आदेश असेल, तेव्हा अशी सुरी बाळगणे अंगाशी येऊ शकते. प्रवासात ती म्यानासह पिशवीच्या तळाशी, स्वयंपाकाच्या सामानात असावी.

अभयारण्याची गोष्ट वेगळी. खानापूर तालुक्यातील भीमगड २०११ मध्ये अभयारण्य घोषित झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि या कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणजे बंदूकच नव्हे, सुरी, जाळे, फास, गळ हेही येते. तेव्हा अभयारण्यातून वाट जात असेल, तर वनखात्याला अगोदर भेटावे, सामान सांगावे, चुलीबद्दलही विचारावे. नाही म्हटले, तर सुरी घरी ठेवावी आणि शिजवलेले अन्न बरोबर घ्यावे. रान आपल्यासाठी नाही. आपण तेथे पाहुणे आहोत.

९. समारोप

सारांश असा : पाते मुठीत कायम बसलेले, ९ ते १२ सेंटिमीटर लांब, तीन-साडेतीन मिलिमीटर जाड, पाठ सपाट, टोक मजबूत, पोलाद साधे किंवा स्टेनलेस, पण पाणी नीट दिलेले, पट्टी मुठीच्या शेवटपर्यंत, म्यान घट्ट. एवढे जुळले, की मग नाव कोणते आणि किंमत किती, हे प्रश्न दुय्यम. परदेशी छापाची महाग सुरीच हवी असे नाही. मापे कागदावर काढून चांगल्या लोहाराला दिली, तर तोही अशी सुरी घडवून देईल, आणि त्याचा भाता आणखी काही दिवस चालू राहील.

मलप्रभेच्या खोऱ्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. ज्या नदीकाठी आपण सहलीला जातो, तेथेच बसून कोणीतरी गारेच्या दगडाला धार काढली होती. त्यानेही आधी काम पाहिले असेल, मग दगड निवडला असेल. आपल्या भागात आजही खंडेनवमीला मराठी घरांत विळी-कोयत्याला झेंडूचे फूल वाहतात आणि शेजारच्या कन्नड घरांत त्याच दिवशी आयुधपूजा होते. दक्षिणेला कोडगू लोक आपली रुंद 'ओडिकत्ति' आणि कमरेची 'पीचेकत्ति' कैलपोळ्दु सणाला पूजेत मांडतात. या पूजेचा अर्थ मला असा वाटतो, की ज्या वस्तूत भले करण्याची आणि बुरे करण्याची शक्ती सारखीच आहे, ती हाती घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या सहलीच्या यादीत 'चाकू - १' असे लिहिण्याऐवजी सुरीचे माप, तिची धार कोण लावणार आणि ती कोणाजवळ राहणार, ही तीन उत्तरेही लिहा.